रयतेला राज्य देणारा औंधचा राजा

औंध म्हटले की पुणेकरांना विद्यापीठापलीकडचे उपनगर आठवते. येथे ज्या औंधाविषयी लिहायचे आहे ते सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले. स्वातंत्र्यापूर्वी ते एका संस्थानाची राजधानी होते. हे संस्थान तरी केवढे? सुमारे ५०० चौरस मैल क्षेत्र, ७२ गावे आणि लाखाच्या आतली लोकसंख्या. तेही सलग नव्हते. राजधानी औंध एकीकडे, आटपाडीचा दुष्काळी मुलूख दुसरीकडे, कृष्णाकाठच्या सुपीक भागातले कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर थेट विजापूरच्या बाजूला. मधल्या साऱ्या भागात इंग्रजांचा आणि इतर संस्थानिकांचा अंमल. तोफांच्या सलामीचा मानही या संस्थानाला नव्हता. अशा या लहानशा राज्याच्या अधिपतीने १९३८ साली, वयाच्या सत्तरीत, आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवण्याचे जाहीर केले आणि दोन महिन्यांत तशी राज्यघटना लागूही केली. त्यांचे नाव भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झालेले प्रतिनिधिपद पुढे परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात वंशपरंपरेने स्थिरावले. मूळचे हे किन्हईचे घराणे. पेशवाईत प्रतिनिधींचे वैभव ओसरत गेले. बापू गोखल्यांशी झालेली लढाई, थोटेपंत म्हणून ओळखले गेलेले परशुराम श्रीनिवास आणि त्यांच्यासाठी वासोट्याचा किल्ला लढवणारी ताई तेलीण यांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. इंग्रजी अमलात औंध हे दक्षिणेतील अनेक लहान संस्थानांपैकी एक होऊन राहिले.

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. ते गादीचे थेट वारस नव्हते आणि ही गोष्ट त्यांच्या घडणीत महत्त्वाची ठरली असावी. पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकून ते पदवीधर झाले. संस्थानिकांच्या घरात त्या काळी हे सर्रास घडत नसे. वडिलांच्या कारभारात त्यांनी सचिव म्हणून काम केले. दप्तर, महसूल, तक्रारअर्ज हे सारे त्यांनी गादीवर बसून नव्हे, तर हाताखाली राहून पाहिले. वडिलांनंतर थोरले बंधू गादीवर आले, त्यांच्यानंतर पुतण्या. पुतण्याला इंग्रज सरकारने पदच्युत केले आणि नोव्हेंबर १९०९ मध्ये, वयाची चाळिशी उलटल्यावर, संस्थानाची सूत्रे भवानरावांच्या हाती आली.

हा माणूस मोठा हौशी होता. हौस हा शब्द येथे उथळ अर्थाने घेऊ नये. त्यांना चित्रकलेचा नाद होता आणि तो नुसत्या आश्रयदात्याचा नव्हता. ते स्वतः कुंचला हाती घेत. रामायणातील प्रसंगांची त्यांची चित्रमालिका पुस्तकरूपाने निघाली. अजिंठा आणि वेरूळ येथील लेण्यांवर त्यांनी पुस्तके लिहिली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन होऊन जेमतेम वर्ष होत होते, तेव्हा १९१८ मध्ये त्यांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्यासाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. आवृत्ती सचित्र असावी ही त्यांची इच्छा होती आणि तिच्यासाठी त्यांनी स्वतः चित्रेही काढली. ते प्रचंड काम पुरे व्हायला पुढे जवळजवळ अर्धे शतक लागले. पण त्याला पहिली चालना दिली ती वर्षाकाठी फारसे उत्पन्न नसलेल्या या संस्थानिकाने.

त्यांना कीर्तनाचीही आवड होती आणि स्वतः उभे राहून ते कीर्तन करीत. राजा कीर्तन करतो आहे आणि रयत समोर बसून ऐकते आहे, हे दृश्य इतर दरबारांत शोधूनही सापडले नसते. वेदांचे भाष्यकार पंडित सातवळेकर हे मुळात चित्रकार. ते औंधला आले, तेथेच त्यांचे स्वाध्याय मंडळ उभे राहिले आणि सुमारे तीन दशके तेथून चालले. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही भवानरावांकडे आले. १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर त्यांनी श्रीभवानी वस्तुसंग्रहालय उभारले. रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई आणि मूल हे शिल्प या आडगावी कसे, असा प्रश्न तेथे जाणाऱ्याला आजही पडतो.

उद्योगांच्या बाबतीतही त्यांची नजर दूरची होती. बेळगावातली जागा सोडण्याची पाळी आलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली नव्या जागेच्या शोधात होते. भवानरावांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकरांचा माळ त्यांना दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. निवडुंगाच्या आणि सापांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. ओगले बंधूंचा काचकारखानाही औंध संस्थानाच्याच हद्दीत, कऱ्हाडजवळ, उभा राहिला आणि त्यांचे प्रभाकर कंदील घरोघरी पोचले.

मात्र बाहेरच्या जगात त्यांचे नाव झाले ते सूर्यनमस्कारांमुळे. आधी ते युरोपातल्या सँडो या मल्लाच्या पद्धतीने व्यायाम करीत. त्याची साधने आणि पुस्तके त्यांनी मागवली होती. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग त्यांनी स्वतःलाच नव्हे, सगळ्या संस्थानाला त्याकडे वळवले. शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. राणीसाहेब, राजपुत्र, अधिकारी, शिक्षक कोणाचीही सुटका नव्हती. त्यांच्या पद्धतीवरचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. आज जगभर योगवर्गांत सूर्यनमस्कार घातले जातात, त्यामागे औंधच्या या राजाचा प्रचार किती मोठा आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ही सक्तीची गोष्ट येथे मुद्दाम सांगितली. कारण भवानराव म्हणजे सत्तेविषयी उदासीन असलेला विरक्त पुरुष नव्हता. लोकांनी कसे उठावे, काय खावे, कोणता व्यायाम करावा याविषयी त्यांची ठाम मते होती आणि ती अमलात आणण्याचे अधिकार त्यांच्यापाशी होते. पितृभाव त्यांच्यात ओतप्रोत होता आणि पितृभावाला हुकमाची सवय असते. जो राजा काही करत नाही त्याला सत्ता सोडणे सोपे जाते. ज्याला रोज काहीतरी करायचे असते, त्याला दुसऱ्याच्या निर्णयाची वाट पाहत बसणे अवघड जाते. १९३८ च्या घोषणेचे खरे मोल या बाजूने मोजले पाहिजे असे वाटते.

त्या वर्षी संस्थानी हिंदुस्थानात वातावरण तापलेले होते. ब्रिटिश इलाख्यांत १९३७ मध्ये निवडून आलेली मंत्रिमंडळे कारभार करू लागली होती. शेजारच्या इलाख्यात लोकांनी निवडलेले मंत्री आहेत आणि आपल्याकडे मात्र कारभारी व हुजूर, ही तफावत संस्थानांतल्या प्रजेच्या डोळ्यांवर येत होती. राजकोटला प्रजेचा लढा पेटला. दक्षिणी संस्थानांतही प्रजापरिषदांनी जोर धरला आणि पुढे एप्रिल १९३९ मध्ये रामदुर्गला हिंसक उद्रेक झाला. औंधची प्रजाही या वाऱ्यापासून अलिप्त राहिलेली नव्हती. तेव्हा राजाने जे केले ते केवळ औदार्यातून केले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. काळाची पावले ओळखणे हाही त्यात भाग होता. पण तीच पावले सांगली-मिरजेपासून राजकोटपर्यंत साऱ्यांना ऐकू येत होती, आणि दार पूर्ण उघडण्याचे धाडस औंधनेच केले.

या निर्णयामागे दोन तरुण होते. एक राजपुत्र आप्पासाहेब. १९१२ चा जन्म, ऑक्सफर्डचे शिक्षण, बॅरिस्टरची सनद, आणि १९३७ मध्ये मायदेशी परतताना डोक्यात नव्या जगाचे विचार. दुसरा मॉरिस फ्रीडमन. हा पोलंडमधला ज्यू इंजिनिअर म्हैसूर संस्थानाच्या विद्युत कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता. गांधीविचाराने भारलेला, खादी वापरणारा, भारतानंद हे नाव घेतलेला. आप्पासाहेबांची त्याच्याशी गाठ पडली आणि तो औंधला आला. राजाने प्रजेला सत्ता देण्याची घोषणा करावी ही सूचना त्याची आणि मसुदाही त्याचाच. (पुढे हाच फ्रीडमन मुंबईत निसर्गदत्त महाराजांकडे जाऊ लागला आणि त्यांची मराठी निरूपणे त्याने इंग्रजीत आणली. जगभर वाचले गेलेले ते पुस्तक १९७३ मध्ये निघाले. एका माणसाच्या आयुष्यात किती आयुष्ये मावावीत!)

दरबारातील जुन्या मंडळींना ही कल्पना रुचण्याचे कारण नव्हते. कोल्हापुरात बसणाऱ्या रेसिडेंटलाही ती मानवणारी नव्हती. संस्थानिकाने आपला अधिकार प्रजेला दिला, तर त्या संस्थानिकामार्फत हुकमत चालवायची ती कोणावर? पण भवानरावांनी मसुदा मान्य केला आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये जाहीरनामा निघाला. जबाबदार राज्यपद्धती प्रजेला देण्याचे वचन त्यात होते. आता घटना लिहायची होती, आणि त्यासाठी पितापुत्रांनी आणि फ्रीडमनने सेवाग्रामची वाट धरली.

गांधीजींनी हा विषय ज्या गंभीरपणे घेतला, तो पाहिला की आश्चर्य वाटते. देशभरातले प्रश्न पुढ्यात असताना ७२ गावांच्या संस्थानाच्या घटनेकडे त्यांनी बारकाईने लक्ष पुरवले. त्यांना पश्चिमेच्या धर्तीवरचे, राजधानीत विधिमंडळ आणि खाली नोकरशाही असे प्रतिरूप नको होते. सत्तेचा उगम गावात असावा असा त्यांचा आग्रह होता. राजाने स्वतःपासून सुरुवात करावी, खासगी खर्चाला मर्यादा घालावी आणि राजपुत्राने लोकांत जाऊन साधेपणाने राहावे, अशी त्यांची अपेक्षा होती. ती पितापुत्रांनी स्वीकारली.

जानेवारी १९३९ मध्ये घटना लागू झाली. तिचा पाया होता ग्रामपंचायत. गावाने पाच पंच निवडायचे. गावचा कारभार, किरकोळ तंटे, शाळा, पाणी, रस्ते ही पंचायतीची जबाबदारी. पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुका समिती, आणि तालुक्यांतून आलेल्या प्रतिनिधींचे विधिमंडळ. मंत्री या विधिमंडळाला जबाबदार. महसुलाचा वाटा गावाकडे परत जाणार, म्हणजे पंचायत नुसती नावापुरती राहणार नव्हती. न्यायदानही गावाजवळ आणण्याचा प्रयत्न झाला. तालुक्याच्या कचेरीत खेटे घालण्यात आणि वकिलांची फी भरण्यात शेतकऱ्याचे बैल विकले जातात, हे त्या काळी कोणालाही पटवून द्यावे लागत नसे.

या घटनेतली एक तरतूद मात्र आजच्या वाचकाला खटकेल. मतदानाला साक्षरतेची अट होती, आणि ती गांधीजींच्या विचाराला धरून होती. ज्याला मत द्यायचे आहे तो अक्षरे गिरवील, अशी त्यामागची भूमिका. हेतू चांगला होता. पण ज्या समाजात अक्षर हे शतकानुशतके काही जातींपुरते कोंडून ठेवलेले होते, तेथे या अटीचा पहिला फटका कोणाला बसणार हे उघड होते. महारवाड्यातल्या किंवा धनगराच्या वाडीतल्या प्रौढ माणसाने आधी पाटी हाती घ्यायची आणि मग नागरिक व्हायचे, असा तो क्रम झाला. आटपाडीच्या महारवाड्यातूनच पुढे शंकरराव खरात शिकून लेखक झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण अशी वाट कापणारे किती थोडे होते, हे त्यांच्याच आत्मकथनातून कळते. अटीमुळे साक्षरतेच्या कामाला गती आली, हे तिच्या बाजूने म्हणता येईल. तरीही मताधिकार हा बक्षीस म्हणून देण्याची कल्पना लोकशाहीच्या मुळाशी विसंगत आहे, असेच म्हणावे लागते.

त्याच काळातला औंधचा दुसरा प्रयोग अधिक प्रसिद्ध झाला. आटपाडीजवळ उघड्या माळावर स्वतंत्रपूर वसवण्यात आले. भिंती नसलेला हा तुरुंग फ्रीडमनच्या पुढाकाराने उभा राहिला. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगणारे कैदी तेथे आपल्या कुटुंबांसह राहून शेती करू लागले. पळून जायचे तर अडवणारे काही नव्हते. या वसाहतीवरून सुचलेल्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. कथा ग. दि. माडगूळकरांची होती आणि माडगूळकर हे औंध संस्थानचेच. त्यांचे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’त तालमीच्या उद्घाटनाला येणारे राजेसाहेब ज्यांना आठवतात, त्यांना या राजाची आणि धनगरांच्या वाडीची भेट कशी होत असेल याची कल्पना वेगळी करून द्यायला नको.

सत्ता दिल्यानंतरची नऊ वर्षे भवानरावांनी कशी काढली? ते राजे राहिले, पण घटनेच्या चौकटीतले. आप्पासाहेब आधी मंत्री आणि १९४४ पासून मुख्य प्रधान म्हणून कारभार पाहत होते. आपल्याच मुलाच्या मंत्रिमंडळापुढे बापाने मान तुकवायची, यात नाट्य होते आणि थोडी सोयही होती. टीकाकारांनी बोट ठेवावे अशी ही जागा आहे. राजाच्या घरची सत्ता राजाच्याच घरात राहिली, असे म्हणता येते. परंतु पंचायती निवडल्या जात होत्या आणि विधिमंडळ भरत होते. गावच्या पंचांनी आपले निर्णय घेण्याची सवय एकदा लागली की ती राजपुत्राच्या लहरीवर अवलंबून राहत नाही.

बेचाळीसच्या आंदोलनानंतर सातारा जिल्ह्यात नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिसरकार उभारले, तेव्हा संस्थानाच्या घटनेची वेगळीच परीक्षा झाली. कुंडल हे भूमिगतांचे महत्त्वाचे ठाणे. जी. डी. बापू लाड तेथलेच. इंग्रज पोलिसांना संस्थानाच्या हद्दीत थेट हात घालता येत नव्हता आणि संस्थानाला भूमिगतांना पकडण्याची घाई नव्हती. इंग्रज सरकारचा औंधवर डोळा होता, तरी कारभार मागे घेण्याची वेळ आली नाही. प्रतिसरकारची गावोगावची न्यायमंडळे पाहिली की औंधच्या पंचायतींशी त्यांचे नाते जोडण्याचा मोह होतो. ते नाते किती थेट होते हे ठरवणे कठीण आहे. पण आपले तंटे आपण मिटवू शकतो, हा विश्वास त्या टापूत तेव्हा परका उरला नव्हता एवढे खरे.

स्वातंत्र्य आले आणि संस्थानांचा प्रश्न उभा राहिला. दक्षिणी संस्थानांनी मिळून एक संघ करावा, असा प्रयत्न आधी झाला. औंध त्यात होते. तो टिकला नाही. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली आणि सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांच्या घरांवर, कारखान्यांवर हल्ले झाले, जाळपोळ झाली. ज्या माळावर औंधच्या राजाने कारखाना वसवला होता, त्या किर्लोस्करवाडीलाही आग लागली. त्याच वर्षी सातवळेकर औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले. ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

विलीनीकरणाला भवानरावांनी विरोध केला नाही. आणि येथे या कथेतले सर्वांत अवघड वळण येते. राज्य गेले तसे पंचायतींचे राज्यही गेले. नऊ वर्षे गावांनी चालवलेला कारभार आता कलेक्टर, प्रांत आणि मामलेदार यांच्याकडे आला. औंधच्या विधिमंडळाचे काम संपले आणि तालुका समित्या इतिहासजमा झाल्या. स्वतंत्र देशाच्या लोकशाही सरकारने इंग्रजांनी घडवलेली प्रशासनयंत्रणा स्वीकारली आणि राजाने दिलेली ग्रामसत्ता तिच्याखाली विरून गेली. दोषारोप करण्याचे कारण नाही. देश फाळणीच्या जखमा बांधत होता, पाचशेवर संस्थाने सामावून घ्यायची होती, आणि ७२ गावांसाठी वेगळी व्यवस्था ठेवण्याची फुरसत कोणापाशी असणार? महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या यायला १९६२ साल उजाडले. ग्रामपंचायतींना घटनेत स्थान मिळाले ते ७३ व्या दुरुस्तीने, १९९३ मध्ये. औंधचा प्रयोग तेव्हा अर्ध्या शतकापेक्षा जुना झालेला होता.

आप्पासाहेबांना पंडित नेहरूंनी पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून पाठवले. तेथून पुढे इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, इंग्लंड, इटली असा त्यांचा राजनैतिक प्रवास झाला आणि उतारवयात त्यांनी वडिलांवर आणि औंधच्या प्रयोगावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १९८९ मध्ये निघाले. त्याच्या सहा वर्षे आधी इंदिरा रोदरमुंड यांचा अभ्यासग्रंथ आला होता. मराठीत मात्र हा विषय आठवणींच्या लेखांपलीकडे फारसा गेला नाही, याची खंत वाटते. सूर्यनमस्कार, संग्रहालय आणि चित्रपट यांच्या गोष्टी लोक रंगवून सांगतात. घटनेची कलमे कोण वाचणार?

भवानराव पंतप्रतिनिधी १३ एप्रिल १९५१ रोजी वारले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान सुरू झाले. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ येथल्या अनेकांना मत देण्याची सवय आधीपासून होती. अक्षरांची अट मात्र या खेपेला नव्हती, आणि ज्यांना ती पूर्वी आड आली होती तेही आता मतदानाच्या रांगेत उभे राहणार होते.